‘सगळं प्रभूच्या हाती’ दिलं, मग सोमवारी काय करायचं?

रविवारची उपवास-प्रार्थना संपत आलेली असते. ज्यांना आपलं सगळं जीवन प्रभूला द्यायचं आहे त्यांनी उभं राहावं, असं पाळक सांगतात. अर्धं मंदिर उभं राहतं. कुणाचे डोळे भरून येतात, कुणी शेजारच्याचा हात घट्ट धरतं. सोमवारी सकाळी सहाला दूधवाला बेल वाजवतो, गॅस ऐन चहाच्या वेळी संपतो, क्लासच्या फीचा मेसेज तिसऱ्यांदा येतो. काल उभं राहिलेल्या माणसाला मग प्रश्न पडतो: दिलं म्हणजे नेमकं काय दिलं?

हा प्रश्न नव्याने विश्वासात आलेल्यांना पडतो, तसाच तीन-चार पिढ्यांच्या ख्रिस्ती घरांतही पडतो. मराठवाड्यातल्या गावमंडळीत तो विचारला जातो आणि वसईच्या धर्मग्रामात रिट्रीट आटोपल्यावरही. औषध चालू ठेवायचं की नाही? दशमांश एकूण पगारावर काढायचा की हातात येणाऱ्या रकमेवर? नोकरीसाठी अर्ज करायचा की देव दार उघडेल म्हणून थांबायचं? नवरा उपासनेला येत नाही, त्याचं काय? तुमचाही प्रश्न यांपैकी एखादा असेल, तर पुढची पावलं वही-पेन घेऊन वाचा.

आधी तीन गैरसमज बाजूला ठेवा

समर्पण म्हणजे हात बांधून बसणं नव्हे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं, तेव्हा अमेरिकेतल्या हितचिंतकांनी दहा वर्षं मदत करण्याचं वचन दिलं होतं. त्या वचनाची मुदत संपत आलेली असतानाच १८९६-९७ चा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली घेऊन आल्या. एवढ्यांचं पोट कसं भरायचं, याचा भार त्यांनी देवावर टाकला, पण केडगावला विहिरी खणल्या, शेती केली, मुलींना विणकाम आणि छापखान्याचं काम शिकवलं. केडगावची ‘मुक्ती’ ही त्यांची संस्था या दोन्हींमुळे उभी राहिली. स्वतः रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत राहिल्या, तेही आयुष्याच्या अखेरीपर्यंत.

समर्पण एकदाच करून मोकळं होता येत नाही. लूकच्या शुभवर्तमानात येशू वधस्तंभ उचलायला सांगतो, तो रोज. जॉन वेस्ली यांनी १७५५ मध्ये लंडनमध्ये समर्पणाच्या कराराची उपासना घेतली, तेव्हापासून मेथडिस्ट परंपरेत हा करार वर्षातून एकदा, बहुधा नव्या वर्षाच्या सुरुवातीला, पुन्हा केला जातो. तुमचं कालचं ‘हो’ आज ढिलं पडलं, तर ते खोटं ठरत नाही. ते आज पुन्हा म्हणायचं असतं.

देवाला दिलं म्हणजे एखाद्या माणसाच्या ताब्यात दिलं, असं होत नाही. या मुद्द्यावर सर्वात जास्त फसगत होते, म्हणून तो शेवटी हक्कांच्या भागात सविस्तर घेतला आहे.

पहिलं पाऊल: यादी करा

‘सगळं’ हा शब्द प्रार्थनेत शोभतो, वहीत त्याचा उपयोग नाही. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हा लूक १४ मधला दाखला याच कामासाठी आहे.

१. एका पानावर सात रकाने आखा: वेळ, पैसा, काम, घरची माणसं, शरीर, मोबाइल, भीती.

२. प्रत्येक रकान्यात आजची खरी स्थिती लिहा. पैशासाठी गेल्या महिन्याचं पासबुक उघडा. मोबाइलसाठी फोनमधला ‘स्क्रीन टाइम’चा आकडा बघा. अंदाज लिहू नका.

३. जो रकाना भरताना पेन अडखळतं, त्याभोवती गोल करा. सुरुवात तिथूनच.

४. त्या रकान्यासाठी एकच कृती ठरवा, दिवस आणि वेळ घालून. ‘राग प्रभूला दिला’ असं लिहू नका. ‘कामावरून आल्यावर चपला काढून पाच मिनिटं गप्प बसायचं, मग मुलांच्या वह्या बघायच्या’ असं लिहा.

५. विश्वासातल्या एका माणसाला ही कृती सांगा आणि आठवड्याने विचारायला लावा. पुरुषाने पुरुषाला आणि बाईने बाईला सांगितलेलं सोपं जातं.

सातही रकाने एकाच आठवड्यात सुधारायला गेलात, तर पंधरवड्यात वही कपाटात जाईल. महिन्याला एक रकाना पुरे.

वेळ: देवासाठी वेगळा तास मिळत नसेल तर

सतराव्या शतकात पॅरिसच्या एका कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे साधे बंधू होते. पूर्वी शिपाईगिरी केलेली, पाय दुखावलेला. मठात वाट्याला आलं स्वयंपाकघर, आणि त्या कामाची त्यांना मुळीच आवड नव्हती. तरी वर्षानुवर्षं भांडी आणि चुलीशी झुंजत त्यांनी एक सवय लावून घेतली. प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ वेगळी धरायची नाही, काम करता करता मनातल्या मनात देवाशी बोलायचं. १६९१ मध्ये ते वारले. त्यांची संभाषणं आणि पत्रं पुढे पुस्तकरूपाने आली आणि आजही वाचली जातात.

तुमच्या दिवसाप्रमाणे यातला एक पर्याय निवडा:

- लोकलने जाणारे: गाडी सुटल्यापासून पहिली तीन स्टेशनं फोन खिशात. जपमाळ म्हणा, एखादं स्तोत्र मनात आठवा, नाहीतर आज भेटणाऱ्या माणसांची नावं घ्या.
- घर सांभाळणाऱ्या: एक ठरलेलं काम प्रार्थनेला जोडा. कणीक मळताना घरातल्या प्रत्येकाचं नाव, कपडे वाळत घालताना शेजारच्यांचं.
- शेती, फुलं-भाजीचा धंदा: बाजाराच्या दिवशी पहाटे वेळ मिळणार नाही हे मान्य करा. माल उतरवून झाल्यावरची दहा मिनिटं ठरवून घ्या.
- रविवारी ड्युटी असणारे: कॅथलिकांसाठी शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते. इतरांनी आठवड्यातली गृहसभा पक्की धरावी आणि रविवारच्या गैरहजेरीचं कारण पाळकांना आधीच सांगून ठेवावं.

रात्री दहा मिनिटं ठेवा. येशूसंघाचे इग्नेशियस लोयोला यांनी शिकवलेली दिवसाची उजळणी त्यासाठी सोपी आहे. दिवसातल्या चांगल्या गोष्टींबद्दल आभार माना, खरं दिसू दे असं मागा, सकाळपासूनचा दिवस डोळ्यांसमोरून सरकवा, चुकलं तिथे क्षमा मागा, उद्याची एक गोष्ट ठरवा. डोळा लागला तर लागू द्या, उद्या बसून करा.

पैसा: सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न

दशमांश एकूण पगारावर की हातात पडणाऱ्या रकमेवर? नव्या करारात टक्केवारीचा नियम घालून दिलेला नाही. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात पावल सांगतो ते एवढंच, की ज्याने त्याने मनाशी ठरवावं आणि दडपणाखाली किंवा कुरकुरत देऊ नये. बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्या जुन्या कराराच्या आधारे दशमांश शिकवतात, तर कॅथलिक चर्च आपापल्या ऐपतीप्रमाणे चर्चच्या गरजा भागवायला सांगतं. तेव्हा रक्कम तुम्ही ठरवायची, जोडीदाराशी बोलून.

ठरवताना हा क्रम डोळ्यांसमोर ठेवा:

१. ज्यांचं देणं आहे त्यांचं आधी. घरकाम करणाऱ्या मावशींचा पगार, वाण्याची उधारी, मित्राकडून घेतलेले हातउसने. ते थकवून दानपेटीत टाकलेली नोट खरं तर त्यांचीच असते.

२. आईवडील आणि घर. मार्क ७ मध्ये येशू ज्यांना झापतो, ते आईवडिलांना द्यायचं ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेलं, असं जाहीर करून हात झटकणारे लोक आहेत. तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्रही घरच्यांची सोय न पाहणाऱ्याला सोडत नाही.

३. मंडळीचा आणि गरजूंचा वाटा. तो महिन्याच्या सुरुवातीला वेगळा काढा. उरलंसुरलं देईन म्हणणाऱ्याचं काही उरत नाही.

४. चुकीच्या मार्गाने आलेला पैसा. जक्कयाने अर्धी संपत्ती गरिबांना देऊ केली, आणि ज्यांना फसवलं होतं त्यांना चौपट परत द्यायचंही कबूल केलं. ज्याचे घेतले त्यालाच द्या. तो पैसा दान करून पावन होत नाही.

आयकरातल्या सवलतीचा हिशेब धरून देत असाल, तर आधी पावती नीट पाहा. दानावरची सवलत मान्यता असलेल्या संस्थेच्या पावतीवरच मिळते. प्रत्येक चर्चकडे ती मान्यता असतेच असं नाही, आणि २००० रुपयांवरच्या रोख दानाला ती लागू होत नाही.

काम आणि करिअर

टेबलावर बायबल ठेवण्याआधी टेबलाखालचा व्यवहार थांबवा. दुकान असेल तर काटा तपासून घ्या. नोकरी असेल तर खोटी वैद्यकीय रजा आणि फुगवलेली प्रवासबिलं बंद करा. एखाद्या कार्यालयात कुणी लाच मागितली, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल फ्री क्रमांक आहे. तो फिरवणं हाही समर्पणाचाच भाग आहे.

करिअरच्या वळणावर ‘देव सांगेल तिथे जाईन’ म्हणणाऱ्यांनी डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांची वाट अभ्यासावी. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या या दोघांनी लग्नाच्या वेळीच खेड्यातल्या गरिबांसाठी आयुष्य द्यायचं ठरवलं होतं. ठरवलं म्हणून दुसऱ्या दिवशी पिशवी उचलून निघाले नाहीत. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं, गावकऱ्यांशी बोलले आणि १९७० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला काम सुरू केलं. गावातल्या साध्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

तेव्हा मुलगा दहावीला असेल तर प्रार्थना करा आणि क्लासही लावा. नोकरी हवी असेल तर अर्ज पाठवा. ‘प्रभूची इच्छा असेल तर’ हे शब्द याकोबाच्या पत्रात बेत आखणाऱ्या व्यापाऱ्यांना सांगितलेले आहेत. त्यांनी बेतच आखू नयेत, असं तो म्हणत नाही.

घरची माणसं: तुमचं समर्पण, त्यांचं आयुष्य

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर त्या बातमीने आभाळ कोसळलं. दोघं काही वर्षं वेगळी राहिली. पुढे लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या, पण स्वतःच्या विचाराने आणि स्वतःच्या गतीने. टिळकांच्या सढळ हातामुळे घरात पैसा कसा टिकत नसे आणि संसार ओढताना त्यांची कशी तारांबळ उडे, हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त हसतहसत, पण काहीही न लपवता लिहून ठेवलं आहे. समर्पित माणसाच्या शेजारी राहणाऱ्याला काय सोसावं लागतं, ते या पुस्तकाइतकं मोकळेपणाने क्वचितच कुणी सांगितलं असेल.

त्यातून घरापुरत्या चार गोष्टी घ्या:

- मोठं दान, नोकरी सोडणं, पूर्णवेळ सेवेत जाणं हे निर्णय जोडीदाराला आधी सांगा. साक्ष देताना मंडळीसमोर पहिल्यांदा जाहीर करू नका.
- जोडीदार विश्वासात नसेल, तर घर मोडू नका. तो किंवा ती एकत्र राहायला राजी असेल तर सोडू नये, हे पावलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात स्पष्ट लिहिलं आहे.
- कॉलेजात जाणाऱ्या मुलाला रोज कौटुंबिक प्रार्थनेला दामटून बसवण्यापेक्षा आठवड्यातले दोन दिवस ठरवा आणि वेळ दहा मिनिटांवर ठेवा.
- मंडळीची कामं आठवड्यातल्या चार संध्याकाळी घराबाहेर ठेवत असतील, तर दोन कमी करा. पाळकांना तसं सांगण्यात काही गैर नाही.

आजारपण: प्रार्थना आणि गोळी

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत उभं केलेलं मिशन हॉस्पिटल १८९४ पासूनचं. असे दवाखाने ज्या श्रद्धेतून निघाले, ती औषध टाकून द्या असं सांगत नाही. याकोब आजाऱ्यासाठी तेल लावून प्रार्थना करायला सांगतो. यशया संदेष्टा हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिरांचं पोटीस बांधायला लावतो. कॅथलिक बायबलमधल्या बेनसिराच्या पुस्तकात तर वैद्याचा मान ठेवा असं सांगणारा अख्खा भाग आहे.

- मधुमेह, रक्तदाब, फिट्स, क्षयरोग आणि मानसिक आजारांची औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका. ‘बरा झालो’ अशी साक्ष द्यायची असेल, तर आधी तपासणीचा रिपोर्ट हातात घ्या.
- उपवास करण्याआधी मधुमेहींनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी डॉक्टरांशी बोलावं. टीव्हीचा किंवा मोबाइलचा उपवासही चालतो.
- उदासी, भीती, जगणं नकोसं वाटणं हा विश्वासाचा तोटा समजू नका. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर समुपदेशन मोफत मिळतं.

निर्णय अडला तर

१. कागदाच्या एका बाजूला फायदे, दुसऱ्या बाजूला तोटे लिहा. इग्नेशियस हेच सुचवतात.

२. मन खचलेलं असताना आधी घेतलेला चांगला निर्णय बदलू नका, हाही त्यांचाच नियम. भांडणानंतर, आजारात, रात्री अकरानंतर राजीनामे लिहू नयेत.

३. दोन जाणत्या माणसांचा सल्ला घ्या. त्यांतला एक तुमच्या मंडळीबाहेरचा असू द्या.

४. तारीख ठरवा. त्या दिवशी जे योग्य दिसेल ते करा. स्वप्न, चिठ्ठी किंवा बायबल उघडून बोट ठेवलेलं वचन यांवर लग्न किंवा घरविक्री ठरवू नका.

तुमचे हक्क: समर्पणाच्या नावाखाली कुणी काय मागू शकत नाही

प्रेषितांच्या कृत्यांत हनन्या आणि सप्पीरा यांची गोष्ट देणगीदारांना घाबरवण्यासाठी सांगितली जाते. तिथे पेत्र काय म्हणतो ते वाचा. जमीन विकण्यापूर्वी ती तुझीच होती, विकल्यावरचा पैसाही तुझ्याच हातात होता, असा त्याचा सवाल आहे. दोष लबाडीचा होता, कमी दिल्याचा नव्हता.

- पगाराची स्लिप, एटीएमचा पिन, ओटीपी कुणालाही देऊ नका. ‘तुमच्यासाठी प्रार्थना करायची आहे’ हे त्याचं कारण होऊ शकत नाही.
- जमीन किंवा घर भावनेच्या भरात लिहून देऊ नका. नोंदणी झालेलं बक्षीसपत्र मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही. मृत्युपत्र मात्र हयातीत केव्हाही बदलता येतं. ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्राला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो आणि त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. कोणतीही सही करण्याआधी स्वतः निवडलेल्या वकिलाला दाखवा.
- हिशेब विचारायला संकोचू नका. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या न्यासाला हिशेब ठेवून तपासून घ्यावे लागतात. कॅथलिक धर्मग्रामात चर्चच्या कायद्याप्रमाणे अर्थसमिती असणं बंधनकारक आहे.
- गुप्तता मागा. पापनिवेदनात सांगितलेलं धर्मगुरू कुठेच उघड करू शकत नाहीत. प्रार्थना-गटात सांगितलेल्या गोष्टीला असं कुलूप नसतं, म्हणून तिथे बोलताना जपून.
- मारहाण सोसणं हे समर्पण नव्हे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली बाईला संरक्षण, निवारा आणि खर्च मागता येतो. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. ‘सहन कर, प्रभू बदलेल’ एवढाच सल्ला मिळत असेल, तर सल्ला देणारा बदला.
- मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मंडळीत मिटवता येत नाही. ‘पोक्सो’ कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवावीच लागते, मग आरोपी कितीही मानाचा असो.

पुढचे तीस दिवस

- पहिला आठवडा: सात रकान्यांची यादी आणि गोल केलेला एक रकाना. रात्रीची दहा मिनिटं सुरू.
- दुसरा आठवडा: त्या रकान्यातली एक कृती रोज. चुकलेल्या दिवसावर फुली मारा, वही फेकू नका.
- तिसरा आठवडा: ज्याचं काही देणं लागता त्या एका माणसाकडे जा. पैसे असोत, माफी असो, वेळेवर न केलेला फोन असो.
- चौथा आठवडा: यादी पुन्हा वाचा आणि पुढच्या महिन्याचा रकाना निवडा.

तिसाव्या दिवशी एक काम मात्र नक्की करा. बायको, नवरा, आई, मुलगी, जे कुणी तुमच्याबरोबर एका घरात राहतं त्यांना विचारा, “या महिन्यात माझ्यात काही फरक दिसला का?” आणि उत्तर येईपर्यंत मधे बोलू नका.